झिंग्यांसाठी पाणी

लहान टाकी काठीच्या एका ढोसणीत फुटली. फोडणाऱ्याने ती रागाने फोडली असं मी म्हणणार नाही. खोलीत शिरलेल्या माणसांपैकी एकाने गादी उलटी केली, दुसऱ्याने कपाट आडवं पाडलं, आणि तिसऱ्याला करायला काही उरलं नव्हतं म्हणून त्याने काठीचं टोक काचेत खुपसलं. पाणी फरशीवरून धावत माझ्या चपलांपर्यंत आलं. त्यात एक चपटा, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा मासा आडवा पडून शेपूट आपटत होता. त्याच वेळी बाहेर, जिन्याच्या पायथ्याशी, त्या माशाचा मालक आडवा पडला होता आणि त्याच्या पोटात बूट बसत होते.

ते चंडीगढ होतं, सेक्टर तीसमधली सरकारी क्वार्टर्स. माझे वडील तिथल्या प्रयोगशाळेत इंजिनियर. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, खाली एक शीख कुटुंब. तिथले अंकलजी त्याच प्रयोगशाळेत काचकाम करायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळेच बीजी म्हणायचो, आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाला मी वीरजी म्हणायचे, पंजाबीत थोरल्या भावाला म्हणतात तसं. तो विद्यापीठात प्राणिशास्त्राचं एम. एस्सी. करत होता. मी तेव्हा बी. ए. ला होते.

ती वर्षं बाहेरच्या लोकांना वर्तमानपत्रातून माहीत आहेत. आम्हाला ती अशी माहीत होती: बसमध्ये चढताना आधी खिडक्यांतून आतल्या पगड्या मोजायच्या, आणि पगडीवाले आम्हाला मोजायचे. सेक्टर सतराला दुकानात शिरताना पर्स उघडी धरायची. अंधार पडायच्या आत घर गाठायचं. बसमधून प्रवासी उतरवून, रांगेत उभे करून मारल्याची बातमी सकाळी यायची. कुठल्यातरी कालव्याकाठी चकमकीत 'अतिरेकी' मारला गेल्याची बातमी दुपारी यायची, आणि त्या अतिरेक्याचं वय सतरा-अठरा असायचं. दोन्ही बातम्यांत मारणाऱ्यांना कारण होतं. मेलेल्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढले. माझे काका नागपूरला कामगार संघटनेचं काम करत. छापून उरलेली पत्रकं ते गठ्ठ्याने आमच्याकडे पाठवत. आई त्यातली अर्धी मसाल्याच्या डब्यांखाली अंथरायची आणि उरलेली मी वाचायचे. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे उत्तर तयार असायचं. माशांवरसुद्धा.

वीरजीकडे दोन टाक्या होत्या, दोन्ही अंकलजींनी स्वतः काच कापून, चिकटवून केलेल्या. लांब टाकीत झिंगे आणि गप्पी मासे. लहान टाकीत तो एकटा एंजल मासा. झिंगे त्याने घग्गर नदीच्या डबक्यांतून जाळ्याने धरून आणलेले होते. बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार, फक्त डोळे काळे. पोटातलं अन्नसुद्धा बाहेरून दिसायचं.

माझी आई भंडाऱ्याची. तलावांच्या मुलखातली. तिने पहिल्यांदा ती टाकी पाहिली तेव्हा ती वाकून बराच वेळ बघत राहिली, आणि मग मला म्हणाली, "झिंगे कोणी पोसते काय, बाप्पा? वांग्यात टाकाचे असते ते."

वीरजीला 'वांगं' तेवढं कळलं असावं. "आंटीजी, ये खाने के नहीं, देखने के हैं."

"देखने से पेट भरता है क्या?" आई म्हणाली. तिची हिंदी एवढीच होती, पण वाद घालायला पुरायची.

पुढे ती रोज खाली जाऊ लागली. भाजी निवडायचं ताट घेऊन टाकीसमोर बसायची. झिंगे पुढच्या बारीक पायांनी शेवाळ खुडून तोंडात घालत असायचे, एकसारखे, न थांबता. "बायकाइसारखे करून राहिले," ती म्हणायची. "दिवसभर निवडनं."

एंजल वेगळा का ठेवलाय, हे मी वीरजीला विचारलं होतं.

"साथ रखूँगा तो खा जाएगा."

"पोटभर द्या ना त्याला खायला. भूक नसली तर कोण कशाला कोणाला खाईल?" हे मी हिंदीत म्हणाले, पण ते आलं होतं थेट काकांच्या पत्रकातून.

तो हसला. "कॉम्रेड, मछली भूख से नहीं खाती. मुँह में समा जाए तो खाती है. पेट भरा हो तब भी."

"मग उपाय काय? तोंडं शिवायची?"

"छिपने की जगह बढ़ाओ. और ऐसी मछली रखो जिसका मुँह छोटा हो."

मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. हे शरणागतांचं उत्तर आहे, असं मी त्याला सांगितलं. दुबळ्याने लपत का राहायचं? तो म्हणाला, झिंगा दर काही आठवड्यांनी कात टाकतो. जुनं कवच सोडतो, आणि नवं घट्ट होईपर्यंत त्याचं सगळं अंग मऊ असतं. त्या वेळी त्याला गप्पीसुद्धा टोचून मारू शकतो. "उस टाइम उसको भाषण नहीं चाहिए, कॉम्रेड. घास चाहिए." म्हणून त्याने टाकीची एक बाजू शेवाळाच्या जाड गुंत्याने भरून टाकली होती.

आईला कातीचं माहीत नव्हतं. एका सकाळी तिला तळाशी एक पांढुरकं कवच दिसलं, पायांसकट, मिशांसकट, आणि तिने बीजींना हाक मारून अक्षरशः डोळ्यांना पदर लावला. वीरजीने ते कवच चिमटीत धरून तिला आतून पोकळ दाखवलं. मग शेवाळ बाजूला करून आत दडलेला झिंगाही दाखवला. तेव्हापासून आई रोज आधी कवच पोकळ आहे का ते बघायची.

पाण्याबद्दलही त्याने आम्हाला सांगितलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते थेट घालायचं नाही. रात्रभर भांड्यात ठेवायचं, मग सकाळी घालायचं. त्यांच्याकडे त्यासाठी एक निळी प्लास्टिकची बादली होती. कोणत्या भांड्यात, हे त्याने वेगळं सांगितलं नाही. त्याच्या घरात तो प्रश्नच नव्हता.

वीरजीला उचलायला कारण एवढंच झालं की अतिरेक्यांमुळे गाजलेल्या तरनतारनकडचा एक वर्गमित्र परीक्षेच्या वेळी एक रात्र त्यांच्याकडे झोपला होता. तो मित्र नंतर घरी सापडेना. मग ती माणसं आमच्या ब्लॉकला आली. काही वर्दीत, काही साध्या कपड्यांत, आणि बाहेर बिननंबरची जीप. आवाज ऐकून मी खाली धावले. बीजी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. वीरजी काही बोलायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी तोंड उघडलं की त्याच्या तोंडावर फटका बसत होता. दात पडलेला मी पाहिला. नंतर त्याला केसांना धरून ओढत नेलं. पगडी जिन्यात राहिली. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि प्रत्येक पडद्यामागे माणूस उभा होता.

जीप गेल्यावर बीजींनी आधी पगडी उचलली. मग त्या आत गेल्या आणि फरशीवरच्या पाण्यात बसून त्यांनी तो मासा ओंजळीत घेतला. अजून हलत होता. त्यांनी तो लांब टाकीत सोडला, झिंग्यांच्या टाकीत. दुसरी जागाच नव्हती.

संध्याकाळी त्या वर आमच्या दारात आल्या. आत येईनात. म्हणाल्या, "वो लोग फिर आएँगे. दूसरी भी तोड़ देंगे. तुम रख लो. वो आएगा तो सबसे पहले इन्हीं को पूछेगा. उसके आने तक ज़िंदा रखना, पुत्तर."

आमच्या पदरात काय पडलं ते एवढंच: त्याचे झिंगे, त्याचे मासे, तो येईपर्यंत.

बीजी जिना उतरून गेल्यावर वडील म्हणाले, "उद्या आपल्या घरी आले आणि विचारलं, टाकी कोणाची, तर?"

"तर सांगू, शेजाऱ्यांची," मी म्हणाले.

"माझी नोकरी सरकारी आहे."

"वीरजीला उचलणाऱ्यांचीही सरकारीच आहे."

"तू हे वाक्य बाहेर कुठे बोलू नकोस," वडील म्हणाले. मग शर्टाच्या बाह्या वर करून खाली गेले. टाकीचं अर्धं पाणी काढलं, आणि एक टोक अंकलजींनी, एक टोक वडिलांनी धरून ती वर आणली. जिन्यात दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

आता एकाच टाकीत मारणारा आणि मरणारे एकत्र होते. वीरजीचं बोलणं मला आठवत होतं. मी सगळं शेवाळ एका कोपऱ्यात दाबून बसवलं. मातीच्या कुंड्यांचे तुकडे रचून फटी केल्या, झिंगा शिरेल पण एंजलचं डोकं शिरणार नाही अशा. माशांना आधी त्यांच्या टोकाला खायला घालायचं, आणि ते गुंतले की झिंग्यांसाठी कोपऱ्यात उकडलेला पालक सोडायचा. पहिले काही दिवस कोणी मेलं नाही. एंजल फटींसमोर येऊन उभा राहायचा, आत बघायचा आणि वळायचा.

त्याच आठवड्यात शहरात अफवा उठली की सेक्टरच्या मोठ्या जलकुंभात विष टाकलंय. कोणी म्हणे रोपडला माणसं मेली, कोणी म्हणे मोहालीत म्हशी. एकही माणूस कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण आमच्या ब्लॉकमध्ये लोकांनी पाणी उकळायला सुरुवात केली. आईने मात्र कपाटाच्या वरून तांब्याचा गुंड काढला. तिच्या लग्नातला, मोठ्या पोटाचा, दर बदलीत गोधडीत गुंडाळून आणलेला. चिंचेने घासून लाल केला. "तांब्यातल्या पाण्याले काही होत नाही," ती म्हणाली. "माझ्या आजीनं तांब्यातलंच पाजलं सगळ्याइले." रात्री भरलेला गुंड सकाळी उघडायचा. पहिला तांब्या आई टाकीत ओतायची, मग आम्ही प्यायचो. पाणी रात्रभर भांड्यात ठेवायचं, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. आणि परक्याचा जीव सांभाळायला घेतल्यावर त्याला घरातलं उत्तम तेच द्यायचं, हेही.

झिंगे मरायला लागले.

पहिला मेलेला म्हणजे नुसतं कवच नव्हतं. आईने तो पळीत घेऊन बघितला. आरपार दिसणारं अंग दुधासारखं पांढरं झालेलं, आणि शेपटीचा तुकडा खाल्लेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. काचेवर चिकटून फिरणाऱ्या बारीक गोगलगायी होत्या, त्या एकेक करून तळाशी पडू लागल्या, तोंडं बंद करून. झिंगे वेड्यासारखे पृष्ठभागाकडे उसळायचे आणि उलटे होऊन खाली यायचे.

"त्या एंजलचं काम आहे," वडील म्हणाले. "त्याला काढ."

"कुठे काढू? बादलीत मरेल तो."

"मग मरू दे. एकासाठी सगळे घालवायचे का?"

"तुम्ही त्याला खाताना पाहिलंत?"

"शेपटी कोणी खाल्ली मग? मी?"

"मेल्यावर कोणीही खाईल. जिवंतपणी मारलं कोणी, ते सांगा."

वडील चष्मा पुसत म्हणाले, "तू वकील हो. माशांची."

मला हसू आलं नाही. खालच्या घरातून एक माणूस पुराव्याशिवाय उचलून नेला होता, आणि वर आम्ही त्याच्याच माशाला पुराव्याशिवाय मारायला निघालो होतो. मी ठरवलं, आधी जाळी लावायची. टाकीच्या मधोमध, तळापासून वरपर्यंत. झिंगे एका बाजूला, मासे दुसऱ्या. मग जे दिसेल ते मान्य.

मच्छरदाणीचं कापड आणायला मी बाजारात गेले. संध्याकाळ व्हायला वेळ होता. दुकानदार कापड मोजून कात्री लावत होता तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. तिच्यावर दोघं होते. मागच्याने अंगावरची चादर बाजूला केली आणि शेजारच्या मिठाईच्या दुकानात गोळ्या झाडल्या. आवाज मोठा नव्हता, कोरडा होता, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. काऊंटरची काच उडाली. माझ्या दुकानदाराने मला मानेला धरून कापडाच्या ताग्यांमागे दाबलं. मी तिथून मिठाईवाल्याचा हात बघत होते. हातात जिलेबी उलटायची सळई होती आणि तो ती सोडत नव्हता. कढईत तेल उकळत होतं आणि त्यात काहीतरी करपत होतं. मोटारसायकल घाई न करता निघून गेली. मिठाईवाल्याला मी ओळखत होते. दिवाळीला आई त्याच्याकडून खवा आणायची आणि तो दर वेळी विचारायचा, महाराष्ट्रात बर्फीला काय म्हणतात.

मी घरी आले तेव्हा कापड माझ्या हातातच होतं. आईने माझ्या केसांतून काचेचे कण काढले. मग तिने कापड झटकलं, त्यातूनही कण पडले. सुई-दोरा घेऊन बसली. बीजींनी खालून विणायच्या प्लास्टिकच्या लांब सुया आणून दिल्या, त्यावर आईने कापड ताणून शिवलं. एक बाई मुलाची वाट बघणारी आणि एक बाई आत्ताच मुलगी परत मिळालेली, दोघी फरशीवर बसून झिंग्यांसाठी भिंत शिवत होत्या.

त्या संध्याकाळी पलीकडच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ वडिलांना जिन्यात गाठून म्हणाले, "उन लोगों का सामान घर में मत रखिए. आज देखा न क्या किया इन्होंने?"

मी मागे उभी होते. "कोणी?" मी विचारलं. "त्या मोटारसायकलवर बीजी होत्या का?"

ते गृहस्थ वडिलांकडे बघून म्हणाले, "बेटी को संभालिए." वडिलांनी मला आत घेतलं आणि दार लावलं. पण टाकी हलवली नाही.

जाळी बसली. झिंगे शेवाळासकट डावीकडे, एंजल आणि गप्पी उजवीकडे. मी कडा चिमट्यांनी घट्ट केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पाणी घातलं, आणि दुपारी मी कॉलेजमधून आले तेव्हा डावीकडे दोन झिंगे मरून पडले होते. अखंड. शेपट्या जागच्या जागी. कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

एंजल सुटला. मला त्या दोन मेलेल्या झिंग्यांचं वाईट वाटायच्या आधी आनंद झाला, हे खरं आहे. मी वडिलांची वाट बघत बसले, त्यांना दाखवायला.

वडिलांच्या आधी अंकलजी आले. ते रोज कामावरून सुटले की मुलाच्या शोधात ठाण्यांवर जात. दर ठाण्यात त्यांना सांगत, असा कोणी इथे नाही. मध्ये एकदा त्यांना आणि बीजींना एका शवागारात नेऊन चेहरा नसलेलं प्रेत दाखवलं होतं. बीजींनी पायाच्या बोटावरून सांगितलं, हा आमचा नाही. त्या दिवशी अंकलजी लवकर आले होते. पगडी नीट बांधलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अशा पगडीत पाहिलं. गालावर चार बोटं उमटली होती. ते कधी मोठ्याने बोलायचे नाहीत. काच फुंकणाऱ्या माणसाला श्वास जपावा लागतो, असं वीरजी चेष्टेने म्हणायचा.

त्यांनी टाकीत बघितलं. डावीकडचे दोन मेलेले झिंगे बघितले.

"इसी ने खाए," ते म्हणाले.

"नाही, अंकलजी! जाली है बीच में. ये उधर था ही नहीं. देखिए, किसी ने खाया ही नहीं..."

ते ऐकत होते. मी शपथेवर सांगते, त्यांना कळत होतं. त्यांनी शर्टाची बाही वर केली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, आणि एंजलला कोपऱ्यात दाबून धरलं. बाहेर काढला. मी त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी मला झटकलं, माझी पाठ भिंतीला आपटली. मासा त्यांनी फरशीवर आपटला. मग पायातल्या बुटाने त्याच्यावर पाय दिला. एकदा नाही. पुन्हा पुन्हा, त्याच तालात, ज्या तालात जिन्याखाली बूट पडत होते. खवले फरशीला चिकटले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातातली कणीक तशीच.

थांबल्यावर ते खाली बसले. तळहातांनी फरशी पुसू लागले. आई फडकं घेऊन गेली आणि त्यांच्या हातातून ते काम काढून घेतलं. "जाओ, भाईसाब," ती म्हणाली. "मी करते." हे ती मराठीत म्हणाली आणि त्यांना कळलं.

मला त्या माणसाचा राग आला. आजही येतो. आणि ज्यांनी त्याच्या गालावर बोटं उमटवली त्यांचा त्याहून जास्त येतो. त्यांना कोणीही, कधीही, काहीही विचारलेलं नाही.

एंजल गेल्यावरही झिंगे मरत राहिले.

वीरजीला त्यांनी सोडलं तेही कारण न सांगता. एका चौकात जीप हळू केली आणि त्याला बाहेर ढकललं. रिक्षावाल्याने घरी आणलं. त्याच्या तळपायांवर मारलं होतं, इतकं की पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन बोटांना नखं नव्हती. डॉक्टर घरी आले, गेले. आम्ही जिन्यात उभे राहून त्याचा आवाज ऐकायचा प्रयत्न करायचो. तो बोलत नव्हता. बीजींनी आईला सांगितलं, रात्रीतून दचकून उठतो आणि म्हणतो, मैं किसी को नहीं जानता.

थोडं बरं वाटल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती टाकीची. बीजींनी बरोबरच सांगितलं होतं.

अंकलजींनी त्याला पाठीवर घेतलं आणि जिना चढून वर आणलं. पट्ट्या बांधलेले पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते. आम्ही त्याला टाकीसमोर खुर्चीवर बसवलं. एवढ्याशा दिवसांत माणूस किती वाळू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं. जाळी मी काढून टाकली होती. थोडेच झिंगे उरले होते. त्यातल्या एका मादीच्या पोटाखाली हिरवट अंडी होती आणि ती त्यांना पायांनी सतत वारा घालत होती. वीरजी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

आईला राहवेना. आत जाऊन तिने गुंडातून तांब्या भरून आणला. "बेटा, तुम्हारे झिंगे को हम नल का पानी नहीं दिया. इतना विष-विष चला था. तांबे का दिया, रोज. एकदम शुद्ध."

ती ओतणार तेवढ्यात त्याने तिचं मनगट धरलं. हळूच. त्याने तांब्यात वाकून पाहिलं, बोटाने आतली लाल कड चाचपली.

"आंटीजी, ये ताँबे में रखा हुआ है? रात भर?"

"हो. रात भर. तुमनेच बोला था ना, रखने को."

"कब से?"

"वो विष का चला तबसे."

त्याने डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगू लागला, जणू आईला समजावायचं काम माझ्यावर सोपवत होता. तांबं पाण्यात थोडं थोडं उतरतं. माणसाला चालतं. माशांनाही बहुतेक वेळा चालतं. झिंग्याला नाही. गोगलगायीलाही नाही. "घोंघे पहले मरे होंगे?"

मी मान हलवली.

मी आईला मराठीत सांगितलं. तिने तांब्या जमिनीवर ठेवला. "म्हंजे," ती म्हणाली, "म्हंजे मीच मारले काय वं?" मग ती त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि त्याच्या गुडघ्याला हात लावून बोलत राहिली, हिंदीत नाही, मराठीत, भंडाऱ्याच्या मराठीत, की मले माहीत नव्हतं रे, घरातलं चांगलं तेच दिलं रे तुयाले. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून "कोई बात नहीं, आंटीजी, कोई बात नहीं" म्हणत होता. मार खाऊन आलेला तो, आणि समजूत तिची काढत होता.

मग त्याने टाकीच्या उजव्या बाजूला पाहिलं. वर, खाली, कुंडीच्या तुकड्यांमागे.

"मेरा एंजल?"

वडील खिडकीकडे बघायला लागले. बीजी जिन्यातून नुकत्याच आत आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"मर गया," मी म्हणाले.

"ताँबे से? अकेला एंजल? गप्पी तो ठीक हैं." तो आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होता. त्याला कळलं की कोणीतरी काहीतरी केलंय. आणि त्याने दोन्ही हात वर केले, नखं नसलेल्या बोटांसकट, तळवे आमच्याकडे करून. "रहने दो. किसी का नाम मत लेना. मुझे किसी का नाम नहीं सुनना."

तिथे ते संपलं असतं. आम्ही सगळ्यांनी ते संपू दिलं असतं.

"मैंने मारा," अंकलजी म्हणाले.

वीरजी वळला नाही. टाकीकडे बघतच विचारलं, "उसने कुछ किया था?"

"नहीं. जाली लगी थी. लड़की ने बताया था मुझे." त्यांनी श्वास घेतला. "मैंने फिर भी मारा."

पंपाचे बुडबुडे वर येत होते. माझ्याकडे त्या क्षणासाठी कोणत्याच पत्रकातलं वाक्य नव्हतं. मग वीरजी म्हणाला, "पापाजी, नीचे ले चलो."

अंकलजी त्याच्यासमोर पाठ करून खाली बसले. तो थांबला. त्याला दुसरं कोणी उचलू शकलं असतं, माझे वडील पुढेही झाले होते. वीरजीने त्यांना मानेने नको म्हटलं, आणि आपले हात त्या वाकलेल्या मानेभोवती टाकले. ते दोघं जिना उतरताना मी वरून बघत होते. अंकलजी प्रत्येक पायरीवर थांबत होते, त्याचे पाय कठड्याला लागू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीजी ती निळी प्लास्टिकची बादली घेऊन वर आल्या. पाणी रात्रभर ठेवलेलं होतं. त्यांनी ती आईच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः मागे सरकून बसल्या. आई हात लावेना. "मी नाही," ती म्हणाली. "माझ्या हातानं नाही." बीजींनी प्लास्टिकचा पेला बुडवून तिच्या हातात दिला. आईने पेला टाकीवर धरला. अंडी असलेली ती मादी शेवाळाच्या कडेशी येऊन बसली होती.

आईने पेला कलता केला. खालच्या खिडकीतून आवाज आला, बसलेला, फुटका, पण आमच्या ओळखीचा: "आहिस्ता, आंटीजी! एकदम मत डालना! थोड़ा-थोड़ा!"

"हो रे बाबा," आई खिडकीकडे तोंड करून ओरडली. "आहिस्ताच करून राहिली!"